चार-चार सूत खाली

विहारात माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती. पांढरी, प्लास्टिकची, मागच्या भिंतीला टेकवून, चपलांच्या रॅकजवळ. समितीतल्या एकानं ती मायेनंच ठेवली होती, कारण आधीच्या दोन पौर्णिमांना मला सतरंजीवरून उठता आलं नव्हतं आणि दोघांनी काखेत हात घालून मला उचललं होतं. "काका, तुम्ही इथे आरामात बसा," तो म्हणाला. मी मान डोलावली, मागे वळलो आणि चपला घालून घरी आलो. बायको बुद्धवंदना अर्धी टाकून माझ्यामागे धावत आली.

घरी आल्यावर माझं तोंड सुटलं. मी मागे वेगळा बसणार नाही, म्हणालो.

"अहो, गुडघे दुखणाऱ्या चार बायका बसतातच की खुर्चीवर," बायको म्हणाली.

"त्या बसोत. मी नाही."

माझे आजोबा मुरबाडकडच्या खेड्यात आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगणात वेगळे बसले. ओसरीवर बाकीचे, खाली हे. दीक्षा घेतल्यावर वडील अंबरनाथला आले, कारखान्यात लागले, आणि मला विहारात पहिल्यांदा नेलं तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं होतं की इथे सतरंजी एकच आणि सगळे तिच्यावर. मी सहा-सात वर्षांचा असेन. ते वाक्य माझ्यात असं मुरलंय की मला कुणी वेगळं बसवलं, अगदी प्रेमानं बसवलं, तरी माझं डोकं फिरतं. खुर्चीवर बसणाऱ्या बायकांना कुणी कमी लेखत नाही हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही. सतरंजीवरून स्वतःच्या पायांनी उठता येईल तेव्हाच विहारात पाऊल टाकीन, असं मी त्या दिवशी बायकोला सांगून टाकलं.

"म्हणजे कधी?" तिनं विचारलं. मी पंखा लावला.

अंबरनाथ एमआयडीसीत मी तीस वर्षं फिटर आहे. आमच्याकडे पंपांचे भाग बनतात. मशीनवरून उतरलेला भाग केसभरानं बसत नसला की तो माझ्या बेंचवर येतो. मी तो व्हाइसमध्ये पकडतो, कानस मारतो आणि बसवून देतो. आयटीआयमधून आलो तेव्हा माझे दोन्ही हात सारखेच काटकुळे होते. कानस मारून मारून पाच-सहा वर्षांत उजवा हात डाव्यापेक्षा चांगलाच भरला. उल्हासनगरचा आमचा सिंधी शिंपी मी न सांगता उजवी बाही जरा सैल शिवायचा. "साईं, एक हाथ पहलवान का, एक हाथ बाबू का," असं तो दर दिवाळीला म्हणायचा आणि मी दर दिवाळीला हसायचो.

आजार हातातून आला नाही, मांड्यांतून आला. रिक्षात चढताना पाय उचलेना. भांग पाडायला हात वर जाईना, म्हणून डोकंच खाली वाकवून कंगव्यापाशी न्यायचो. गंमत म्हणजे बोटं ठणठणीत होती. मायक्रोमीटर पूर्वीइतकाच नाजूक फिरवत होतो, पण कंपनीच्या संडासात एकदा बसलो तो बसलोच. दाराची कडी धरून उठायला गेलो तर कडी हातात आली. शेवटी आवाज देऊन माणसं बोलवावी लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्कशॉपला माहीत होतं.

एका डॉक्टरनं व्हिटॅमिन दिलं, दुसऱ्यानं कंबरेचा फोटो काढला, तिसरा म्हणाला वय झालं. बावन्न हे काय वय आहे? मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात रक्त तपासलं. सीपीके नावाचा पदार्थ स्नायूंच्या आत राहायला हवा, तो माझ्या रक्तात भरमसाट सापडला. मांडीतून चिंचोक्याएवढा तुकडा काढून तपासला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं की शरीराचे पहारेकरीच माझ्या स्नायूंना चोर समजून मारत सुटले आहेत, आणि खांदे आणि मांड्या, म्हणजे धडाजवळचे मोठे स्नायू, त्यांच्या तावडीत आधी सापडले आहेत. पहारेकऱ्यांना आवरायला स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी स्नायूंतली आग विझेल, पण याच गोळ्या मांड्या बारीकही करतात. आणि तब्येत स्थिरावली की हळूहळू व्यायाम सुरू करायचा, असंही त्या म्हणाल्या. पहिल्या दोन गोष्टी मी मानल्या. तिसरी सोडून दिली.

सोडून दिली, कारण मला झीज कळते असं मला वाटत होतं. बेअरिंग फिरतं तेवढं झिजतं. बुश, शाफ्ट, गिअरचे दात, सगळं वापरानं खलास होतं आणि बंद ठेवलं तर टिकतं. घासला गेलेला भाग चालवत राहणाऱ्याला आम्ही शॉपमध्ये शिव्या घालतो. तेव्हा आधीच अर्ध्या झालेल्या स्नायूंना कामाला लावणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा, असं माझं गणित होतं. उरलंय ते जपून ठेवायचं, बरं झाल्यावर वापरायचं. विहारात उठून दाखवायचं तर आत्ता उठबस बंद.

मी रजा टाकली आणि कामाला लागलो. चौकोनी लोखंडी पाइप आणून खुर्ची केली. वेल्डिंग कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्यानं केलं, मापं आणि फिनिशिंग माझं. जमिनीपासून बैठक बावीस इंच, म्हणजे नुसतं पुढे सरकलं की माणूस उभा. मग पलंगाखाली ठोकळे, संडासात कमोड आणि दोन्ही बाजूंना दांडे, पाण्याचा माठ ओट्यावर, चपलांसाठी उंच फळी. घरातली प्रत्येक वस्तू मी माझ्या कमरेच्या उंचीला आणून ठेवली. बायको बालवाडीत शिकवते. ती येईपर्यंत खुर्चीत बसून राहायचो आणि ती आली की तिला पाणी मागायचो. शॉपमधली माणसं बघायला आली, तेव्हा आपापल्या आईवडलांसाठी खुर्चीची मापं घेऊन गेली. मला कोण अभिमान वाटला होता.

"विहारातली खुर्ची नको आणि घरात सिंहासन," बायको म्हणाली. मी तिला झीज म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि माठ भरायला गेली.

पाच महिने गेले. रक्ताचे आकडे उतरले, डॉक्टरीणबाई खूश झाल्या, आग विझली होती. पाय मात्र आणखी गेले. बावीस इंचांवरून उठतानाही आता मला दोन झोके घ्यावे लागत. मी खुर्ची आणखी दोन इंच वाढवायच्या विचारात होतो. अंबरनाथच्या बाजारातून पाइपसुद्धा आणवला होता.

त्याच सुमारास मेव्हण्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि मी रिक्षा करून उल्हासनगरला शिंप्याकडे गेलो. त्यानं मांडीला टेप लावली, वहीतलं जुनं माप बघितलं, पुन्हा टेप लावली. मग उजव्या दंडाला लावली, डाव्याला लावली आणि टेप गळ्यात टाकून माझ्याकडे बघत राहिला. "दोनों हाथ बाबू के हो गए, साईं," तो हळू आवाजात म्हणाला. त्या दिवशी हसायला कुणालाच सुचलं नाही. त्याची भतीजी, म्हणजे पुतणी, उल्हासनगरातच कॅम्प चारमध्ये फिजिओथेरपी करायची. त्यानं माझ्यादेखत तिला फोन लावला.

भतीजी पंचविशीतली आणि बोलायला फटकळ. तिनं मला साध्या स्टुलावर बसवलं, हात छातीशी बांधायला लावले आणि उठायला सांगितलं. मी उठू शकलो नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी मोबाइलमध्ये माझ्या खुर्चीचा फोटो दाखवला. तिनं तो मोठा करून नीट बघितला.

"काम एक नंबर आहे काका. पण सच बोलू? आधे पाय बीमारीने खाल्ले. बाकीचे ही खुर्ची खाते आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाळ, घासलं की झिजतं. तीस वर्षं मी हेच बघतोय," मी म्हणालो.

तिनं माझा उजवा हात मनगटाला धरून वर उचलला. "चाचांनी सांगितलं मला. तीस साल हा हात घासलात ना तुम्ही? तो जाडा झाला. पाच महिने बसलात, पतला झाला. मग झिजला कधी, ते सांगा."

तीस वर्षं तो हात माझ्या डोळ्यांसमोर, रोज आठ तास, कानशीच्या मुठीवर. शिंप्याला दिसला, या पोरीला न बघता कळला, आणि मी, केसभर फरक ओळखण्याचा पगार घेणारा माणूस, आंधळा राहिलो. मला माझाच भयंकर राग आला. पाच महिने मी रोगाची चाकरी केली होती, आणि वर त्याला बसायला खुर्ची करून दिली होती.

तिनं मग सावकाश सांगितलं. लोखंडाला ताण दिला तर ते नुसतं सोसतं. स्नायूला त्याच्या सवयीपेक्षा थोडा जास्त ताण दिला, मग विसावा आणि खायला डाळ-अंडं दिलं, तर त्याच्या धाग्यांना चिकटून झोपलेल्या बारीक पेशी जाग्या होतात, दुरुस्तीला येतात आणि धागा पूर्वीपेक्षा जाड करून सोडतात. ताणच मिळाला नाही तर शरीर म्हणतं, याची गरज दिसत नाही, आणि त्यातलं सामान काढून नेतं. माझ्या बाबतीत रोग एकीकडून नेत होता, गोळ्या दुसरीकडून आणि मी तिसरीकडून. सुरुवातीला जाडी वाढणार नाही, असंही तिनं बजावलं. आधी नसा शिकतात, झोपलेल्या धाग्यांना एकदम हाक मारायला. "पहले वायरिंग सुधरती है, मोटर बाद में." तिनं डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून घेतलं आणि नियम घालून दिले. एक दिवसाआड, हात न लावता खुर्चीतून दहा वेळा उठायचं, असं तीनदा. दुखणं दुसऱ्या दिवशी ओसरलं पाहिजे. ताप आला किंवा रक्ताचा आकडा चढला तर बंद. आणि जमायला लागलं की थोड्या कमी उंचीची खुर्ची घ्यायची, मग आणखी कमी.

"दुसरी खुर्ची कशाला? हीच कापतो," मी म्हणालो. "एका वेळी किती?"

"आधा इंच?"

"चार सूत म्हण."

"सूत क्या होता है?"

"ते तुला नाही कळायचं," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं एवढंच काय ते जिंकणं.

सुरुवात बावीस इंचांपासूनच केली. पहिल्या दिवशी तीनदा उठलो आणि चौथ्यांदा बदकन बसलो. दहा जमायला तीन आठवडे लागले. मग एका रविवारी खुर्ची उलटी केली, चारही पायांवर चार सुतांची रेघ मारली आणि हॅक्सॉ लावला. पूर्वी अर्ध्या तासाचं काम होतं. आता प्रत्येक पायानंतर दम खावा लागला. चार पाय बरोबर कापणं सोपं नसतं. एक जरा आखूड राहिला की खुर्ची डुगडुगते, मग बाकीचे तीन त्याच्या मापाला आणावे लागतात. मी कानस काढली. लोखंडावर कानशीचा तो आवाज घरात आला आणि बायको स्वयंपाकघरातून दारात येऊन उभी राहिली. संध्याकाळपर्यंत खुर्ची फरशीवर चारही पायांनी बसली. कापलेले चार तुकडे मी तुपाच्या रिकाम्या डब्यात टाकले.

बायकोला माझ्याहून जड गेलं. मी पाणी मागितलं की ती उठायची आणि मग तिला आठवायचं. ती परत बसायची आणि माझ्याकडे न बघता भाजी निवडायची. माठ तिनं ओट्यावरून खाली घेतला, पलंगाखालचे ठोकळे काढले. माझी बहीण बदलापूरहून आली, तिनं मला भिंतीला धरून पाण्यासाठी उठताना बघितलं आणि बायकोला तोंडावर निर्दयी म्हणाली. बहीण गेल्यावर बायको मोरीत जाऊन रडली. मी बाहेर बसून ऐकलं. उठून तिच्याकडे जायला मला इतका वेळ लागला, की पोचलो तेव्हा ती तोंड धुऊन बाहेर येत होती.

पंधरवड्याला चार सूत. कधी तीन आठवड्यांनी, पण चार सूत. पहिले दोन महिने शिंप्याची टेप जागची हलली नाही, तरी मी एकवीस इंचांवरून उठत होतो. वायरिंग. तिसऱ्या महिन्यात टेप किंचित सरकली. शिंप्यानं ती तीनदा लावून बघितली आणि चहा मागवला. खुर्ची साधारण सतरा इंचांवर आली तेव्हा मी पुन्हा कामावर गेलो. साहेबांनी बसून तपासणी करायचं टेबल देऊ केलं. अर्धा दिवस टेबल आणि अर्धा दिवस बेंच, अशी मी घासाघीस केली. बेंचपाशी उभं राहूनच काम करावं लागतं.

पावसाळ्यात तापानं आडवा केला. अकरा दिवस अंथरुणात, आणि त्यातच रक्ताचा आकडा पुन्हा चढला. गोळ्या वाढल्या. अंथरुणातून उठलो तेव्हा खुर्ची तेरा इंचांवर होती, आणि मी तिच्यात बसलो तो कंपनीच्या संडासातल्यासारखा बसलोच. तीन महिन्यांची कमाई अकरा दिवसांत गेली होती. मी तुपाचा डबा मांडीवर घेतला आणि फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून तुकडे परत जोडून घ्यावेत असं ठरवलं. डबा जड झाला होता. तो धरून मी रडलो. सांगायला लाज कसली, चांगला हुंदके देऊन रडलो.

बायको समोर पाट घेऊन बसली. "मशीन बसवताना तुम्ही खाली काय घालता हो?" तिनं विचारलं.

"पॅकिंग," मी म्हणालो. पायाखाली पातळ पत्रे सरकवायचे, लेव्हल मिळाली की जास्तीचे काढून घ्यायचे. तीस वर्षांत पॅकिंग घातलं म्हणून कुठल्या मशीनची अब्रू गेल्याचं मी बघितलेलं नाही.

तिनं प्लायवूडचे तुकडे आणले. एकेक चार सुतांचा. बैठकीवर सहा टाकले तेव्हा मला उठता आलं. आकडा उतरेपर्यंत फिजिओवाल्या पोरीनं फक्त हलकी हालचाल करू दिली. मग पुन्हा दहा-दहा-दहा. थंडी संपता संपता सहाही प्लाय निघाले होते आणि मी परत हॅक्सॉ हातात घेतला.

आता खुर्चीला खुर्ची म्हणणं कठीण आहे. सहा इंचांवर पाय संपले. बायको तिच्यावर बसून मेथी निवडते. प्लायचे तुकडे मी कपाटावर ठेवलेत, हाताशी. रोग गेलेला नाही, आजही सकाळी गोळी घेतो आणि ठरल्या वेळी रक्त देतो. तो परत येईल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. येऊ दे. माझ्याकडे पॅकिंग आहे.

तीन वर्षांनंतरच्या बुद्धपौर्णिमेला मी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. ती प्लास्टिकची खुर्ची भिंतीशी तशीच होती. समितीवाल्यानं माझ्याकडे बघून तिच्यावरची धूळ फडक्यानं पुसली. मी त्याला नमस्कार केला आणि पुढे जाऊन तिसऱ्या रांगेत सतरंजीवर बसलो. शेजारी बारवी धरणाकडच्या गावातला एक म्हातारा होता, मुलाकडे राहायला आलेला, ऐंशीच्या घरातला. पंचांग प्रणामाला मी कपाळ जमिनीला लावलं. ते उचलताना दंड थरथरले, पण वर आलो. मग शेवटच्या वंदनेला सगळे उभे राहिले. म्हातारा हात कुठेही न टेकता उठला. जन्मभर भाताच्या लावणी-आवणीत वाकलेला माणूस तो, त्याच्या मांड्यांना कुणी कधी सुट्टी दिलेली नव्हती.

मी गुडघ्यांवर आलो. उजवं पाऊल पुढे टाकलं. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिथे अडकलो. पुढच्या रांगेतला एक जण वळला आणि त्यानं हात पुढे केला, मागून कुणाचा तरी हात काखेकडे आला. मी मान हलवली. वंदना म्हणणारे माझ्याकडे बघून थांबले. बायकांच्या बाजूला माझी बायको कुठे आहे ते मला माहीत होतं, मी तिकडे बघितलं नाही.

एकट्या म्हाताऱ्यानं हात पुढे केला नव्हता. हात मागे बांधून तो माझ्याकडे बघत होता. "उठ सावकास," तो म्हणाला. "कोनाला घाई हाय?"

अख्खा विहार माझ्यासाठी थांबला होता. थांबू दे, म्हटलं. आजोबा किती थांबले होते. मी मांडीवर भार टाकला, डावा पाय ओढून घेतला आणि उठलो. नीट सरळ होईपर्यंत थोडा वेळ गेला. मग माझे खांदे शेजारच्यांच्या खांद्यांना लागले, आणि पुढचे शब्द सगळ्यांनी एकदम म्हटले.